मुक्कामांवर पेललेली पृथ्वीप्रदक्षिणा

२०२० सालच्या मे महिन्यात महाराष्ट्रापुढे कधी न पडलेला प्रश्न पडला. कोरोनामुळे पायी वारी निघणार नव्हती. मग माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका पंढरपुरात आणायच्या कशा? हेलिकॉप्टर, विमान किंवा बस असे पर्याय सरकारने जाहीर केले. अखेर ३० जूनला पादुका एसटीने आल्या. अठरा-वीस दिवसांची वाट काही तासांत संपली. परंपरा खंडित झाली नाही, याचे समाधान मोठे होते. पण त्या आषाढीला पंढरपुरात असलेल्या आम्हा लोकांना वारी झाली असे काही वाटले नाही. वाटेवरचा एकही तळ पडला नव्हता, एकाही गावाने पंगत वाढली नव्हती.

संथ गतीच्या जुन्या किंवा हलक्या विमानातून पृथ्वीला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसांविषयी वाचताना मला हाच अनुभव आठवतो. आज तिकीट काढून दोन-तीन दिवसांत जगाला फेरी मारता येते. तरी ताशी शे-दीडशे किलोमीटरच्या विमानात बसून महिनोन्‌महिने तीच फेरी मारायला माणसे निघतात. का निघतात, कशी पार पडतात, आपल्याकडून कोण निघाले आणि यापुढे कुणाला निघता येईल, या प्रश्नांचा हा आढावा.

संथपणाचे गणित

प्रदक्षिणा कशाला म्हणायचे याचा नियम ठरलेला आहे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या मते विक्रमासाठी किमान ३६,७८७ किलोमीटर अंतर कापावे लागते. ही कर्कवृत्ताची लांबी आहे. सगळी रेखावृत्ते ओलांडून निघालेल्या ठिकाणीच परत यावे लागते.

हे अंतर संथ विमानाला का जड जाते, ते साध्या हिशेबाने कळते. समजा, विमान ताशी १२० किलोमीटरने उडते आणि टाकीत चार तासांचे इंधन आहे. हवा स्थिर असेल तर ते ४८० किलोमीटर जाईल. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८० वर येतो आणि पल्ला ३२० वर. म्हणजे एका वाऱ्याने तिसरा हिस्सा खाल्ला. ताशी साडेआठशेने जाणाऱ्या प्रवासी जेटला तोच वारा पाच टक्क्यांचाही फरक पाडत नाही.

उंचीचेही तसेच. जुन्या विमानांच्या कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते, काहींना तर वर छतही नसते. त्यामुळे ढगांच्या वर निघून जाण्याचा मार्ग बहुधा बंद असतो. डोंगर, पाऊस, धुळीची वादळे यांच्यातून किंवा त्यांना वळसा घालून जावे लागते. कार्ब्युरेटरवर बर्फ धरले तर इंजिन गुदमरते. पुणे ते पंढरपूर हे हवाई अंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टायगर मॉथला दीड तासाचे आहे. पण आषाढातल्या ढगांत तेच अंतर दोन दिवसही अडवून ठेवू शकेल.

सर्वांत मोठी अडचण समुद्राची. कॅलिफोर्निया ते हवाई हे अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे आणि मध्ये उतरायला जागा नाही. म्हणून लहान विमाने उत्तरेचा रस्ता धरतात. अटलांटिकवर स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा. पॅसिफिकवर जपान, कामचाटका, अलास्का. अंतरे आवाक्यात येतात, पण थंडी, धुके आणि परवानग्या वाढतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि हा रस्ताही त्यांना तुटला.

या सगळ्याचा अर्थ असा की संथ विमान आकाशात जितके उडते त्याहून जास्त वेळ जमिनीवर असते. त्याची प्रदक्षिणा पायलटच्या कौशल्यावर जशी अवलंबून, तशीच मुक्कामांवरही. वारीचे मर्म जाणणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती मुक्काम, तळ, दिंड्यांचा क्रम आणि व्यवस्था यांची होती. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आणि तंबू त्या व्यवस्थेचा भाग झाले. चालणारे लाखो असोत, त्यांना रोज संध्याकाळी टेकायला जागा आणि सकाळी निघायला बळ देणारे हात असल्याशिवाय वाखरीपर्यंत कुणी पोचत नाही. हवाई प्रदक्षिणेचा शंभर वर्षांचा इतिहास याच एका कसोटीवर वाचता येतो.

पहिली फेरी आणि तिच्याआधीचे पराभव

१९२२ मध्ये ब्रिटनचे मेजर ब्लेक दोन सोबत्यांसह प्रदक्षिणेला निघाले. कोलकात्यात ब्लेक आजारी पडले आणि मागे राहिले. नॉर्मन मॅकमिलन आणि जेफ्री मॅलिन्स पाण्यावर उतरणारे विमान घेऊन पुढे निघाले आणि बंगालच्या उपसागरात अडकले. उलटलेल्या विमानाला धरून ते तरंगत राहिले आणि कसेबसे वाचले. मोहीम तिथेच संपली.

१९२४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने वेगळी रीत धरली. डग्लस कंपनीची चार विमाने निवडली, पण त्यांच्या आधी वाट तयार केली. ठिकठिकाणी मिळून पंधरा जादा इंजिने, पाण्यावर उतरण्याचे तराफे आणि सुटे भाग आधीच पोचवून ठेवले. ६ एप्रिलला चार विमाने सिॲटलहून निघाली. एक अलास्कात डोंगरावर आदळले, एक अटलांटिकमध्ये बुडाले, पण त्यांतले सगळे वैमानिक वाचले. उरलेली दोन, शिकागो आणि न्यू ऑर्लीन्स, २८ सप्टेंबरला परत आली. १७५ दिवस, सुमारे ४४ हजार किलोमीटर, आणि प्रत्यक्ष उड्डाण फक्त ३७१ तासांचे. पावणेसहा महिन्यांतले जेमतेम साडेपंधरा दिवस हवेत. बाकीचे सगळे दुरुस्तीत, वाट पाहण्यात आणि तयारीत. या फेरीत कोलकात्याला महत्त्वाचे स्थान होते. समुद्रमार्ग संपला म्हणून तिथे विमानांचे तराफे काढून चाके बसवली आणि मग ती अलाहाबाद, अंबाला, मुलतान, कराची अशी गेली.

त्याच वर्षी ब्रिटनचे मॅक्लारेन विरुद्ध दिशेने निघाले होते. ब्रह्मदेशातल्या अक्याबला त्यांचे विमान मोडले. त्यांचे सुटे विमान जपानमध्ये होते, ते अक्याबपर्यंत आणायला मदत केली ती प्रतिस्पर्धी अमेरिकेच्याच नौदलाने. मॅक्लारेन पुढे बेरिंग समुद्राजवळ थांबले, त्यांची फेरी पुरी झाली नाही. पण शर्यतीत दुसऱ्याच्या मुक्कामी मदत पोचवण्याची ही कृती मला त्या वर्षीच्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

बैलगाडीतले पेट्रोल आणि येरवड्याचे मैदान

आपल्याकडे ही गोष्ट १९३० मध्ये सुरू होते. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा हे तिघे जिप्सी मॉथ विमानांतून निघाले. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे चालले होते, सतरा वर्षांचा अस्पी इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघे भेटले. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी थोड्या तासांच्या फरकाने जिंकला. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आपल्या हवाई इतिहासाच्या आरंभीच स्पर्धकाला पुढे जाऊ देणारा मुक्काम आहे, याचा मला अभिमान वाटतो.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेआरडी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांचे पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीने आले होते. तिथून पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. नकाशावर मुंबई ते बल्लारी सरळ रेघ ओढली तर ती सातारा आणि सांगली जिल्ह्यांवरून, पंढरपूरला डावीकडे ठेवून जाते. टाटांची नियमित हवाई टपालसेवा आपल्या माणदेशाच्या अंगाने सुरू झाली, ही गोष्ट इकडच्या शाळांत शिकवायला हवी.

जुहूची धावपट्टी तेव्हा समुद्रकाठच्या चिखलात होती, पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला हलायचा आणि येरवडा तुरुंगाच्या छायेतले एक मैदान विमानतळ म्हणून वापरले जायचे. भारतीय विमानसेवेचा पाया अशा तात्पुरत्या तळांवर घातला गेला. त्याच दशकात कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी आपल्या संस्थानात विमानतळ उभा केला आणि १९३९ मध्ये तो सुरू झाला. एका संस्थानिकाला जे सुचले, ते अनेक शहरांना आजही जमलेले नाही.

जुनी विमाने पुन्हा उडतात तेव्हा

जेट आल्यावर संथ प्रदक्षिणेचा हेतू बदलला. १९६४ मध्ये ओहायोच्या जेरी मॉक यांनी अकरा वर्षे वापरलेल्या एका इंजिनाच्या सेसना १८० मधून २९ दिवसांत एकटीने प्रदक्षिणा पुरी केली. हे साधणारी ती पहिली स्त्री. कराची, दिल्ली आणि कोलकाता हे तिचे मुक्काम होते. तिच्या फेरीत विक्रमाची ओढ होती, पण घर सांभाळणाऱ्या बाईला जग पाहायचे होते, हेही तितकेच खरे होते.

त्यानंतर आल्या स्मरणयात्रा. १९९४ मध्ये पीटर मॅकमिलन आणि लँग किड्बी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या विकर्स व्हिमी विमानाची हुबेहूब प्रतिकृती बांधून इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया या १९१९ च्या मार्गावर पुन्हा उड्डाण केले. सुमात्रात त्यांना भातखाचरात उतरावे लागले. २००० साली अमेरिकेच्या रॉबर्ट रॅगोझिनो यांनी १९४२ च्या स्टिअरमन या उघड्या, दुपंखी विमानातून एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. उघड्या कॉकपिटमध्ये बसून उत्तरेचे समुद्र ओलांडणे म्हणजे काय, हे ज्याने पावसात दुचाकी चालवली आहे त्याला थोडेफार कळेल.

या परंपरेत एक वादही झाला. ब्रिटनच्या ट्रेसी कर्टिस-टेलर यांनी २०१३ मध्ये आफ्रिकेवरून आणि २०१५-१६ मध्ये ऑस्ट्रेलियापर्यंत स्टिअरमनमधून उड्डाणे केली. ही उड्डाणे एकटीची मानायची का, यावर तिथल्या हलक्या विमानांच्या संघटनेत मतभेद झाले आणि त्यांना दिलेला पुरस्कार काढून घेण्यात आला. या वादाकडे मी व्यक्तीचा दोष म्हणून पाहत नाही. ‘एकट्याने’ या शब्दाला आपण दिलेले अवाजवी मोल त्याच्या मुळाशी आहे. सोबत मेकॅनिक होते, पाठराखण करणारी माणसे होती, हे सांगण्यात कमीपणा कसला? संथ विमान त्यांच्याशिवाय उडत नाही. ती माणसे झाकावी लागतात तेव्हाच गोष्ट खोटी होऊ लागते.

याच्या अगदी उलट उदाहरण सोलर इम्पल्स-२ या सौर विमानाचे. जुने नव्हे, पण संथ. ७२ मीटर पंखांचे हे विमान मार्च २०१५ मध्ये अबुधाबीहून निघाले, अहमदाबाद आणि वाराणसीला थांबले आणि जुलै २०१६ मध्ये परत पोचले. आंद्रे बोर्शबर्ग यांनी जपान ते हवाई हा टप्पा जवळजवळ ११८ तास सलग, एकट्याने पार केला. पण त्या टप्प्यात बॅटऱ्या तापून बिघडल्या आणि विमानाला हवाईत नऊ महिने थांबावे लागले. ते थांबणे मोहिमेने लपवले नाही. दुरुस्ती, चाचण्या, पुन्हा तयारी, सगळे जगापुढे ठेवले. म्हणून ती फेरी विश्वासाला पात्र ठरली.

भारतीय हवाई दलानेही आपली जुनी विमाने पुन्हा उडती केली आहेत. टायगर मॉथ आणि हार्वर्डनंतर २०१८ मध्ये एक डाकोटा ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले. राजीव चंद्रशेखर यांनी ते दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिले, आणि त्याचे नाव ‘परशुराम’ ठेवले गेले. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगर वाचवायला सैनिक घेऊन गेलेली विमाने याच जातीची होती. संग्रहालयात उभे असलेले विमान आकार दाखवते. त्याचा आवाज, कंप आणि पायलटला द्यावे लागणारे कष्ट उडतानाच कळतात.

आपल्या माणसांच्या फेऱ्या

भारतीयांच्या संथ उड्डाणांत मुंबईचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये उद्योगपती विजयपत सिंघानिया मायक्रोलाइटमधून लंडनहून २३ दिवसांत भारतात आले. संपूर्ण प्रदक्षिणा केली ती हवाई दलाने. १ जून २००७ रोजी विंग कमांडर राहुल मोंगा आणि अनिल कुमार हिंडनहून जर्मन बनावटीच्या मायक्रोलाइटमध्ये निघाले आणि १९ ऑगस्टला परतले. ८० दिवसांच्या आत, ४० हजारांहून अधिक किलोमीटर.

नागरी बाजूने सर्वांत लक्षणीय नाव मुंबईच्या आरोही पंडितचे. ती जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकली. जुलै २०१८ मध्ये ती आणि कीथेअर मिस्किटा ‘माही’ नावाच्या स्लोव्हेनियात बनलेल्या विमानातून पतियाळाहून निघाल्या. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान करत युरोपात पोचल्या. पुढचा अटलांटिक आरोहीने एकटीने पार केला. स्कॉटलंडच्या विकहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे मे २०१९ मध्ये ती कॅनडातल्या इकालुइटला उतरली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. हलक्या क्रीडा विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्काच्या नोमहून बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून ती रशियात गेली. आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी जेआरडींच्या उड्डाणाच्या स्मरणार्थ ती भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली, जीपीएस न वापरता, साठ लिटरपेक्षा कमी पेट्रोलमध्ये. भुजची ती धावपट्टी १९७१ च्या युद्धात माधापरच्या तीनशे बायकांनी ७२ तासांत दुरुस्त केली होती. त्या बायकांच्या हातांचे ऋण घेऊन पन्नास वर्षांनी एका मुलीचे विमान तिथून उडावे, याहून योग्य आरंभ शोधून सापडला नसता.

हवेतला नसला तरी एक मराठी प्रदक्षिणावीर इथे आठवायलाच हवा. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली होती. दोंदे यांचे नाव घेताना दांडेकरांचे नाव आपोआप येते, हीच आदर्श रीत आहे. विमानांच्या बाबतीत ती अजून रुजलेली नाही.

विमान इथेच बांधायचा प्रयत्न मात्र झाला आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी मिळायला आणखी वर्षे गेली, आणि चाचण्यांसाठी धुळ्याच्या धावपट्टीचा आधार घ्यावा लागला. विमान गच्चीवर बांधता येते. उडवायला धावपट्टी लागते.

आक्षेप आणि उत्तर

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. हा पैसेवाल्यांचा छंद नाही का? ज्या राज्यात गावोगावी रस्त्यांची आणि दवाखान्यांची वानवा आहे, तिथे जुन्या विमानांचे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. बहुतेक फेऱ्यांमागे श्रीमंत घर, मोठा प्रायोजक किंवा लष्कर उभे आहे. पण हा छंद महाग का आहे हे पाहिले तर उत्तर मिळते. लहान विमानाला उतरायला जागा नसते, असली तर इंधन नसते, इंधन असले तर मेकॅनिक नसतो, आणि प्रत्येक टप्प्यावर परवानगीचा कागद वेगळा. जुन्या इंजिनांना लागणारे १०० एलएल हे विमानी पेट्रोल आपण २०२२ पर्यंत बाहेरून आणत होतो. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. ‘माही’सारख्या नव्या हलक्या विमानांची इंजिने मोटारीच्या पेट्रोलवरही चालतात. म्हणजे खर्चाचा मोठा भाग यंत्राचा नसून व्यवस्थेच्या अभावाचा आहे.

आपल्या टापूत त्या व्यवस्थेची मुळे आहेत. सोलापूर, बारामती, कराड, धाराशिव, लातूर, सगळीकडे धावपट्ट्या आहेत. बारामतीत विमानोड्डाण शिकवले जाते. पण या धावपट्ट्यांकडे आपण मोठ्या विमानाची वाट पाहणारे थांबे म्हणूनच बघतो. एखादी प्रवासी सेवा सुरू झाली की जल्लोष, बंद पडली की मौन. तिथे विमानी पेट्रोलचा एक पंप, चार विमाने राहतील अशी शेड, आयटीआयमधून शिकलेले मेकॅनिक आणि हवामानाची स्थानिक नोंद एवढे असले, तरी धावपट्टी वर्षभर जिवंत राहील. शेतावरची फवारणी, पुराची पाहणी, रुग्णाची तातडीची ने-आण या गरजाही त्याच तळावरून भागतील. संथ विमानाला जे लागते ते आजारी माणसालाही लागते: जवळचा, उघडा असलेला तळ.

आढाव्याच्या शेवटी माझे मत स्पष्ट सांगतो. शंभर वर्षांत ज्यांच्या प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या त्यांच्यामागे तयार मुक्काम होते, आणि अनेकांच्या फेऱ्या तुटल्या त्या मुक्काम कमी पडल्यामुळे. शूर पायलटांची आपल्याला वाण नाही. आरोही पंडितने ते सिद्ध केले आहे. कमतरता आहे ती त्यांच्या पायाखालच्या जमिनीची. लाखो माणसांना दरवर्षी सुखरूप पंढरपुरात आणणारा महाराष्ट्र मुक्काम उभे करण्यात जगातल्या कुणापेक्षा कमी नाही. ते कसब आता आपल्या लहान धावपट्ट्यांना लागले पाहिजे, आणि पुढची भारतीय हवाई प्रदक्षिणा सोलापूर किंवा कराडसारख्या तळावरून निघेल, तिच्या वहीत पायलटच्या नावाखाली तिथल्या मेकॅनिकांची नावे असतील, असे ध्येय राज्याने आणि आपण सर्वांनी समोर ठेवले पाहिजे.